भट्टीला मारलेलं पाणी

विसरवाडीच्या फाट्यावर बसमधून उतरून दानियल गावित पोल्ट्रीच्या कच्च्या रस्त्याला लागला, तेव्हा त्याच्या कानावर पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आला. पोल्ट्रीवरचा गडी भिला शेड धूत असेल, असं त्याला वाटलं. पण शेडपुढची जमीन कोरडी ठणठणीत होती आणि पाइप शेडला वळसा घालून मागे गेला होता. मागे तर भट्टी होती. भट्टीशिवाय मागे दुसरं काहीच नव्हतं.

दानियलने पिशवी काखेत मारली आणि चौसष्टाव्या वर्षी जेवढं पळता येतं तेवढा पळाला.

कमरेपासून वरचा भिला भट्टीच्या तोंडात होता आणि कमरेपासून खालचा बाहेर. आतून त्याच्या गाण्याचा आवाज घुमत होता. छतावरची गोणपाटं टपटप गळत होती. पायथ्याशी चिखल झाला होता आणि त्या चिखलातलं पाणी एक कुत्री निवांत लपलप पीत होती.

"भिला!"

भिला आतून निघाला. अंगावर पाणी, चेहऱ्यावर आनंद. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून त्याने पाणी अडवलं आणि दोघांच्या घरच्या बोलीत म्हणाला, "आलास दादा? बघ, एक वेळसुद्धा चुकवली नाही. दिवसातून चार वेळा. काल तर जेवण बाजूला ठेवलं आणि आधी पाणी मारलं."

"चार वेळा?"

"रविवारपासून. आतून, वरून, सगळीकडून. कोपरेसुद्धा सोडले नाहीत."

दानियल खाली बसला. चिखलातच बसला. आज गुरुवार होता. पाच दिवस, रोज चार वेळा. त्याने हिशेब करायचा सोडून दिला. भट्टीच्या भिंतींनी किती पाणी पोटात घेतलं असेल हे त्या हिशेबातून कळणार नव्हतं, नुसतं डोकं फिरणार होतं.

"तुला कोणी सांगितलं रे पाणी मारायला?"

"तूच."

"मी?"

"शनिवारी छत ओतलंस, तेव्हा वर ओली पोती कोणी टाकली? तू. 'आज हे ओलं राहू दे' असं कोण म्हणालं? तू. आणि रविवारी जाताना काय सांगितलंस? 'जीव लावून सांभाळ.' मग लावला जीव!"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. भट्टीच्या छताचा मसाला सिमेंटसारखा ओततात, आणि पहिला एक दिवस तो ओला ठेवावाच लागतो. एकच दिवस. त्यानंतर पाण्याचा थेंब लागता कामा नये. हे सांगायला हवं, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. एकतीस वर्षं तो कारखान्यांच्या भट्ट्या बांधणाऱ्या ज्या लोकांत वावरला, त्यांतल्या कोणाला हे सांगावं लागत नसे. रविवारी चर्चमधून येऊन त्याने छताखालचा लाकडी फर्मा काढला, तेवढ्यात खापरहून फोन आला. बहिणीचे मालक गेले होते. पोती उतरवायची राहिली, बोलायचंही राहिलं, आणि तो मिळेल त्या गाडीने निघाला.

आणि भिला! घर असो, विहिरीचा कठडा असो, शौचालय असो, नव्या बांधकामाला पाणी मारायचं असतं हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. पन्नाशीच्या माणसाने आयुष्यभर पाळलेला नियम इथेही पाळला, यात त्याचं काय चुकलं?

काहीच चुकलं नव्हतं. म्हणून तर दानियलला जास्त चीड येत होती. कोणावर ओरडावं, तेच कळेना.

तो भट्टीत शिरला. आत एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसू शकेल एवढीच जागा होती. बाहेरून लोखंडी पत्रा, त्याच्या आत सिरॅमिकच्या पांढऱ्या लोकरीचा थर, मग हलक्या विटा, आणि सगळ्यात आत, आगीच्या समोर, भारी विटा. या विटा बाराशे-तेराशे डिग्रीची आग रोज सोसतात आणि आकार सोडत नाहीत. लोखंड लाल होऊन वाकायला लागतं, तिथे त्या आपल्या जागी बसून असतात. त्यांचे सांधे त्याने पोस्टकार्डाच्या जाडीचे ठेवले होते. वीट मसाल्यात बुडवायची, शेजारच्या विटेवर घासून बसवायची, लाकडी हातोडीने ठोकायची. आता त्याने सांध्यांवरून नख फिरवलं. तळाच्या चार ओळींतला मसाला धुऊन गेला होता.

त्याने खिशातली छोटी हातोडी काढली आणि भिंतीवर वाजवली. भद. आणखी एका विटेवर वाजवली. भद. कोरडी असती तर विटेने काशाच्या वाटीसारखा आवाज दिला असता.

बाहेर चपला वाजल्या. पितांबरशेठ आले होते. ते तापीकाठचे, शहाद्याकडचे, बोलणं अहिराणी. घरची बागायत भावांवर सोपवून त्यांनी इकडे अंड्यांची पोल्ट्री टाकली होती. वीस हजार कोंबड्या. त्यातल्या रोज आठ-दहा मरतच. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुरायच्या, त्या कुत्र्यांनी उकरायच्या आणि वास गावभर जायचा, असं दोन वर्षं चाललं होतं. गाव वैतागलं, तेव्हा शेठनी मेलेल्या कोंबड्या जाळायची भट्टी करायचं ठरवलं. असं काम जाणणारा माणूस आपल्याच फाट्यावर राहतो हे कोणीतरी सांगितलं, आणि त्यांनी दानियलला बोलावून घेतलं.

"मिस्तरी, कवय उनात?" शेठ भट्टीत डोकावले. "झायी ना तयार? शनवारले पाव्हना ई ऱ्हायनात. डॉक्टरमॅडमले फोन करी दिधा मी."

दानियल बाहेर आला. "शेठ, शनिवारी नाही पेटणार."

"का बरं?"

"पाणी प्यायली आहे. वाळायला बारा दिवस लागतील."

"बारा दिन!" शेठ हसले. "अहो, सुरतहून बर्नर आणेल शे मी डिझेलनं. एक तास लावा. पानी कितलं का व्हयेना, वाफ व्हई जाई!"

"वाफ होईल, तेच सांगतोय. बाहेर पडायला वाट लागते तिला. जोरात तापवलं की वाट मिळत नाही. छत फुटतं. असं तसं नाही, उडतं."

"पानी मारं त काय बिघडनं? मन्ह्या चारी शेडले एकवीस एकवीस दिन पानी मारेल शे. पहा, एक भेग नई."

"ते सिमेंट आहे, शेठ."

"आन हाई?"

"हे सिमेंट नाही."

यापुढे कसं समजवावं ते त्याला सुचेना. दानियलचं हे जुनं दुखणं होतं. हाताला सगळं कळायचं, पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की जिभेला गाठ पडायची. तेवढ्यात शोभाबाई, शेठच्या मंडळी, चहा घेऊन आल्या आणि आनंदाने म्हणाल्या, "मीच सांगं व्हतं भिलाले, पानी चुकाडू नको म्हनीसन. मिस्तरीभाऊ घर नईत, आपले ध्यान ठेवनं पडी."

दानियलने चहा घेतला. दुसरं काय करणार?

घरी रूथला सगळं सांगितलं तर ती चुलीवरची भाकरी उलटत म्हणाली, "मग तू सांगितलं होतंस का त्यांना, पाणी मारू नका म्हणून?"

"हे काय सांगावं लागतं?"

"नाही सांगितलंस ना?"

"नाही."

"झालं तर."

दानियलला त्या भाकरीचाही राग आला. बायको चुकीचं बोलत नव्हती, भिला चुकीचं बोलत नव्हता, शोभाबाईंचा हेतू वाईट नव्हता, आणि भट्टी मात्र पाण्याने टम्म फुगून बसली होती.

"शनिवारी पेटवली आणि फुटली, तर फुटू दे की," रूथ म्हणाली. "भट्टी शेठची. तू कशाला जीव जाळतोस?"

गुजरातेतल्या किती कारखान्यांत किती भट्ट्या त्याने आतून बांधल्या, मोजल्या नव्हत्या. पण त्याचं काम कधी कोणाला दिसलं नाही. वीट लागली की दार बंद व्हायचं, आत आग सुरू व्हायची, आणि वर्ष-दीड वर्षाने झिजलेल्या विटा फोडून फेकून द्यायच्या, पुन्हा नव्या लावायच्या. मुलगा स्टीफन लहानपणी विचारायचा, बाबा, तुम्ही काय बांधलंत ते दाखवा ना. दाखवणार काय? ही एकच भट्टी अशी होती की ती त्याच्या गावात उभी होती. छोटी होती, नीट वापरली तर त्याच्या मागेही पुष्कळ वर्षं टिकली असती. आणि आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, सांधा डोळ्याला कमी आणि नखाला जास्त दिसत होता. दुसरी भट्टी हातून होईल असं त्याला वाटत नव्हतं. ही चांगली झालीय की नाही, याचीसुद्धा त्याला धड खात्री नव्हती. पण ती पाण्यामुळे फुटावी, हे त्याला सोसणार नव्हतं. लोक म्हणतील, दानियलने बांधली आणि पहिल्याच दिवशी उडाली. पाण्याचं कोण लक्षात ठेवणार?

शुक्रवारी दिवसभर बसून त्याने तळाच्या ओळींचे सांधे पुन्हा भरले. भिला शेजारी उकिडवा बसून होता. पाइप त्याने स्वतःच गुंडाळून झाडाला टांगला होता, आणि फाशी दिल्यासारखा तो तिथे लोंबत होता. शेठ तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा दानियल "शेठ, ऐका ना" एवढंच म्हणू शकला, आणि शेठ म्हणाले, "उद्या, उद्या."

शनिवारी सकाळी मांडव नव्हता एवढंच, बाकी सगळं होतं. भट्टीला झेंडूची माळ घातली होती. आजूबाजूचे पाच-सहा पोल्ट्रीवाले आले होते. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टर सुषमा वळवी स्कूटीवरून आल्या. बर्नर बसवणारा सुरतचा कारागीर बटणाजवळ उभा होता. शेठच्या हातात नारळ होता.

"मिस्तरी, या पुढे," शेठ पाहुण्यांसाठी ठेवणीतल्या मराठीत म्हणाले. "दोन शब्द बोला भट्टीबद्दल."

दानियल पुढे आला. सगळे त्याच्याकडे बघत होते. बोलायचं काय ते त्याने रात्रभर घोकलं होतं. वाफ, वाट, छत, बारा दिवस. त्याने घसा खाकरला. एक शब्द फुटेना. मग तो वळला, चपला काढल्या, आणि वाकून भट्टीत शिरला. गुडघे पोटाशी घेऊन आत बसला.

बाहेर आधी कोणाला काही वावगं वाटलं नाही. मिस्तरी शेवटचा हात फिरवत असेल. आतून भद, भद असा हातोडीचा आवाज येत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेठनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"मिस्तरी, झालं का?"

"नाही."

"बाहेर निंघा ना मग!"

"नाही."

पाहुण्यांत खसखस पिकली. एक पोल्ट्रीवाला म्हणाला, "पितांबरभाऊ, भट्टीमा कोंबड्या जायनार व्हतात ना? हाई त मिस्तरीपासून सुरवात दिसस!"

शेठचा चेहरा लाल झाला. ते तोंडाशी वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "अरे भो, मन्ही इज्जत काढी ऱ्हायनात तुम्ही! बाहेर निंघा!"

"बटण दाबणार नाही म्हणा, निघतो."

"अन पाव्हनाले काय सांगू? नारळ फोडाले बलावं आन मिस्तरी रुसना?"

मग डॉक्टर सुषमा स्वतःच पुढे आल्या, ओढणी खांद्यावर टाकून वाकल्या. "बाबा, आत काय करताय?"

"तपासतोय."

"किती वेळ लागेल?"

"बारा दिवस."

त्या हसल्या नाहीत, म्हणून दानियलला थोडा धीर आला. एका माणसाशी त्याला बोलता येई. त्याने सोबत आणलेली एक शिल्लक राहिलेली कोरडी वीट हातावर तोलून धरली आणि हातोडी वाजवली. टण्ण. मग हातोडी त्यांच्या हातात दिली. "आता भिंतीवर वाजवा."

त्यांनी वाजवली. भद.

"दुसरीकडे."

भद.

"पाणी आहे आत," दानियल म्हणाला. "छतात जास्त. मी अंकलेश्वरकडे होतो, तिथे एकदा साहेबाला घाई होती. ओल्या छताखाली मोठी आग लावली. तीन तासांनी ताटाएवढा तुकडा दारातून बाहेर आला. आमच्या उदेसिंगच्या खांद्याला लागला. तो हात पुन्हा वर गेला नाही. आणि इथे तर तोंडासमोर तुम्ही सगळे उभे राहणार."

डॉक्टरबाई सरळ झाल्या. त्यांनी भट्टीच्या तोंडासमोरची गर्दी पाहिली, आणि पहिल्यांदा स्वतः दोन पावलं बाजूला झाल्या.

"पितांबरभाऊ, बारा दिवसांनी पुन्हा येईन मी."

"पण मॅडम, नारळ... मुहूर्त..."

"आज लहान आग चालेल का, बाबा?"

"चालेल," आतून आवाज आला. "लहान म्हणजे लहान. दोन काड्यांची."

असं त्या भट्टीचं उद्घाटन झालं. नारळ फुटला, दानियल बाहेर आला, आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या दोन काड्या डॉक्टरबाईंनी आगपेटीने पेटवून आत ठेवल्या. एवढ्या मोठ्या काळ्या तोंडात ती आग उदबत्तीसारखी दिसत होती. सुरतेचा कारागीर बर्नरवर हात ठेवून आकाशाकडे बघत राहिला. पाहुणे चहा पिऊन निघाले. "येवढ्यावर त चहाबी नई व्हनार," जाताना कोणीतरी म्हणालंच. शेठ दानियलशी तीन दिवस बोलले नाहीत.

मग भिलाचं राज्य सुरू झालं. दर अर्ध्या तासाला दोन काड्या, चौथ्या दिवसापासून चार, सातव्यापासून एक लाकूड, असं दानियलने त्याला बोट धरून सांगितलं. काय करायचं ते सांगितलं, काय करायचं नाही तेही सांगितलं, आणि दोन्ही त्याच्याकडून वदवून घेतलं. भिलाने मोबाइलमध्ये गजर लावला. गजर कोंबडा आरवण्याचा होता. दर अर्ध्या तासाला तो आरवला की चारी शेडमधल्या वीस हजार कोंबड्या एकदम कुजबुजायला लागत. शोभाबाई वैतागल्या, पण पाण्याचं त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं, म्हणून काही बोलल्या नाहीत. उलट त्यांनी आपला हातातला आरसा दिला. दानियल तो चिमट्यात धरून धुराड्याच्या तोंडावर न्यायचा. आरशावर लगेच दव यायचं. अजून पाणी आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अजून आहे.

आठव्या दिवशी शेठचा धीर सुटला. दानियल जेवायला गेलेला बघून त्यांनी लाकडांची अख्खी मोळी उचलली. भिला आडवा झाला.

"शेठ, एकच."

"अरे, नोकर कोना तू?"

"तुमचाच. पण मिस्तरींनी एकच सांगितलंय."

दानियल परत आला तेव्हा दोघं मोळीची दोन टोकं धरून उभे होते. त्याने डोक्याला हात लावला. पण भिलाकडून त्या दिवसापासून त्याने काही वदवून घेतलं नाही.

तेराव्या दिवशी सकाळी आरसा स्वच्छ राहिला. दानियलने तो पुसून पुन्हा धरला. पुन्हा स्वच्छ. भिलाने धरला, शोभाबाईंनी धरला, शेवटी शेठनी धरून त्यात आपल्या मिशा पाहिल्या. दानियल आत गेला, हातोडी वाजवली. टण्ण.

छत वाळावं म्हणून काढून ठेवलेलं वरचं लोखंडी झाकण बसवलं आणि बर्नर लावला, तोही लहान करून, तासातासाने वाढवत. डॉक्टरबाईंना एका गावात गाईच्या बाळंतपणाला जावं लागलं, पोल्ट्रीवाल्यांपैकी कोणी फिरकलं नाही. दुपारी दोनच्या सुमारास दानियलने दारातल्या छोट्या छिद्राचं झाकण सरकवलं आणि आगीकडे बघायची निळी काच धरून डावा डोळा लावला. आत सगळं पिवळं झालं होतं. विटा स्वतःच उजेड देत होत्या, सांधे दिसत नव्हते. छतावर मात्र केसाएवढी एक रेघ होती. ती आधीपासून होती का? आपणच मसाल्यात पाणी जास्त घातलं का? तो पुन्हा पुन्हा बघत राहिला. रेघ वाढली नाही. छत जागेवर होतं.

रूथ डबा घेऊन आली, ती नेमकी त्या वेळी. "भट्टीत काय बघायचं असतं?" असं म्हणत तिने महिनाभर इकडे पाऊल टाकलं नव्हतं. आज त्यानेच मुद्दाम ये म्हणून सांगितलं होतं. ती भट्टीच्या बाजूला आली, डबा ठेवला, इकडे तिकडे पाहिलं आणि लोखंडी पत्र्यावर सहज तळहात टेकवला. दानियल बघत राहिला. तिने हात काढला नाही.

"अजून पेटवली नाही का?"

"सकाळपासून पेटलीय."

"काहीतरीच. आपल्या दाराची कडी उन्हात याहून जास्त तापते." तिने दुसराही हात टेकवला. "मग आग गेली कुठे?"

तो उत्तर द्यायला गेला. लोकर, हलकी वीट, भारी वीट, सगळं तोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं. त्याने निळी काच तिच्या हातात दिली. "लांबून बघ. भुवया जळतील."

रूथने डोळा लावला. बर्नर घोंघावत होता. भिलाचा कोंबडा आरवला, बंद करायचा राहून गेला होता, आणि शेडमधून कुजबुज उठली.

मग तिने काच खाली घेतली आणि नवऱ्याकडे असं वैतागून पाहिलं, की दानियलने आधी छताकडेच नजर टाकली.

"आणि एकतीस वर्षं मी विचारलं की नुसतं 'विटा रचतो' म्हणून सांगायचास?"